डोळ्याला न दिसणारी पायरी

१९६५च्या जुलै महिन्यात मंगळाचा जवळून काढलेला पहिला फोटो पृथ्वीवर पोचत होता, आणि कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या, म्हणजे जेपीएलमधल्या, इंजिनिअरांना तो बघायला मिळत नव्हता. मरिनर-४ हे यान मंगळाच्या बाजूने पुढे निघून गेले होते. त्याने टिपलेले फोटो यानावरच्या टेपमध्ये होते आणि तिथून ते सेकंदाला जेमतेम आठ बिट या गतीने उतरत होते. एका फोटोत २०० ओळी, ओळीत २०० बिंदू आणि दर बिंदूला सहा बिट. एकूण २,४०,००० बिट, म्हणजे एक फोटो पुरा व्हायला सुमारे आठ तास. शिवाय आलेल्या आकड्यांचे संगणकाकडून चित्र करून घ्यायला लागणारा वेळ वेगळाच.

टेलिकम्युनिकेशन विभागातल्या रिचर्ड ग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेवढा धीर नव्हता. टेपरेकॉर्डरने काम नीट केले की नाही, याचीच त्यांना आधी खात्री करून घ्यायची होती. प्रत्येक बिंदूचा आकडा कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर छापून बाहेर पडत होता. या पट्ट्या त्यांनी एकीला एक लावून बोर्डावर चिकटवल्या. ग्रम चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात जाऊन राखाडी छटांचे खडू मागू लागले. मिळाले ते तपकिरी, तांबूस, पिवळट पेस्टल. मग काम सुरू झाले. आकडा वाचायचा, तो कोणत्या टप्प्यात बसतो ते बघायचे आणि त्या टप्प्याला नेमून दिलेल्या खडूने ती जागा भरायची. अधिकृत छायाचित्र तयार होण्याआधीच मंगळाची वक्र कड खडूंनी बोर्डावर उमटली. पुढे तो बोर्ड चौकटीत बसवून जेपीएलचे संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट देण्यात आला.

सहा बिटांत ० ते ६३ असे चौसष्ट आकडे मावतात. ग्रम यांच्याकडे खडू मोजकेच होते, त्यामुळे त्या चौसष्ट पातळ्या थोड्याशा टप्प्यांत गोळा झाल्या. तरीही बघणाऱ्याला ग्रहाची कड ओळखू आली, मात्र एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना रंगाच्या ढळढळीत सीमारेषाही दिसल्या. संगणकाच्या पडद्यावर चित्र दाखवू पाहणाऱ्या प्रत्येकाला पुढची साठ वर्षे हाच पेच सोडवावा लागला. उजेडाची आणि रंगाची सलग चढण यंत्राला जमत नाही, त्याला पायऱ्या लागतात. त्या किती हव्यात आणि कुठे किती उंच, हे मात्र यंत्राने ठरवायचे नव्हते. ते बघणाऱ्याच्या डोळ्यावर होते.

मरिनरच्या आठ वर्षे आधी, १९५७ साली, वॉशिंग्टनमधल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, पाच सेंटिमीटर चौरस फोटो एका फिरत्या नळकांड्यावर गुंडाळला. प्रकाशाचा ठिपका फोटोवरून सरकत गेला आणि सीक नावाच्या संगणकात १७६ गुणिले १७६ बिंदूंचे चित्र साठले. डिजिटल प्रतिमेच्या इतिहासात हे पहिले पान मानले जाते. पण या पहिल्या चित्रात बिंदूला एकच बिट होता: काळा नाही तर पांढरा. बाळाच्या गालावरची सावली त्यात कुठून येणार? कर्श यांनी तोच फोटो पुन्हा पुन्हा स्कॅन केला आणि दर वेळी ‘इथून पुढे पांढरे’ ही मर्यादा बदलली. ते सगळे स्कॅन एकावर एक ठेवल्यावर मधल्या राखाडी छटा तयार झाल्या.

पण किती स्कॅन पुरेत? या प्रश्नाचे अर्धे उत्तर शंभर वर्षे आधी जर्मनीत मिळाले होते. लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबर यांनी माणसांच्या हातात वजने देऊन बघितले होते की वजनातला किती फरक हाताला कळतो. त्याच गावातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गुस्ताव फेश्नर यांनी ही गोष्ट पुढे नेली. रंग आणि प्रतिमाभासांचा अभ्यास करताना रंगीत काचांतून सूर्याकडे बघून त्यांनी स्वतःचे डोळे बिघडवून घेतले, प्राध्यापकी सोडली आणि काही वर्षे अंधाऱ्या खोलीत काढली. पुढे दृष्टी सुधारली. २२ ऑक्टोबर १८५०च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना संवेदनेच्या मोजणीची दिशा सुचली आणि १८६० साली त्यांचा ग्रंथ आला. त्यातला गाभा असा की फरक जाणवणे नुसत्या बेरजेवर नसते, भर मूळच्या किती प्रमाणात पडली यावर असते. दहा दिव्यांच्या उजेडात अकरावा दिवा लावला तर लगेच कळते. शंभरात एकाची भर पडली तर जेमतेम. चांगल्या उजेडात डोळ्याला साधारण एक टक्क्याचा फरक जाणवतो. त्याहून लहान पायरी असली तर ती आहे हेच कळत नाही.

उरलेले अर्धे उत्तर एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या नावावर आहे. फिक्या आणि गडद पट्ट्यांच्या सीमेवर डोळा स्वतःहून एक उजळ आणि एक काळसर रेघ काढतो, हे त्यांनी १८६५मध्ये दाखवले. कागदावर ती रेघ नसते. डोळ्यातल्या शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात आणि त्यातून कड ठळक होते. रोजच्या जगण्यात हा गुण फार उपयोगी, कारण वस्तूची कड लवकर सापडते. डिजिटल चित्राच्या दृष्टीने मात्र तो मोठा शत्रू. चित्रात एक टक्क्याची पायरी असेल, तर डोळा ती आहे त्याहून मोठी करून दाखवतो.

टेलिव्हिजनचे चित्र आकड्यांच्या रूपात पाठवण्याचे प्रयोग बेल लॅबोरेटरीजमध्ये डब्ल्यू. एम. गूडॉल करत होते, तेव्हा हा शत्रू समोर आला. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात बिट कमी पडले की गुळगुळीत भागांत नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या रेषा उमटतात, हे दिसून आले. गर्दीचे, गुंतागुंतीचे भाग त्यातून सुटत; मोकळे, हळूहळू बदलणारे भाग सापडत. त्यांनी आणखी एक विचित्र गोष्ट नोंदवली. मूळ सिग्नलमध्ये थोडी खरखर, म्हणजे नॉइज, असेल तर या रेषा विरतात.

ज्या खरखरीपासून सुटका करून घ्यायला इंजिनिअर आयुष्य घालवतात, तीच इथे औषध ठरली. एमआयटीतला लॅरी रॉबर्ट्स नावाचा तरुण विद्यार्थी १९६२ साली ती पद्धतशीर कामाला लावून मोकळा झाला. त्याच्या शोधनिबंधाचा हिशेब सरळ होता. चांगल्या चित्राला बिंदूमागे किमान सहा बिट लागतात, कारण डोळा लहान पायऱ्यांबाबत फार चिकित्सक आहे. पण पायऱ्या पाडण्याआधी सिग्नलमध्ये ठरावीक क्रमाची खोटी खरखर मिसळली आणि चित्र पोचल्यावर तीच वजा केली, तर तीन बिटांत काम भागते. पायरीची सरळ कड फुटून तिचे कण होतात आणि डोळ्यातल्या त्या कड शोधणाऱ्या पेशींना धरायला काही उरत नाही. हाच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटचा प्रमुख शिल्पकार झाला, त्यामुळे त्याचे हे आधीचे काम थोडे झाकोळले गेले.

आतापर्यंतची गोष्ट काळ्या-पांढऱ्याची. रंग आला की आकडा एकदम तिप्पट होतो, आणि तो तिप्पटच का होतो याचे कारणही डोळ्यातच आहे. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडले होते की डोळ्यात रंग ओळखणारी व्यवस्था तीन प्रकारचीच असावी. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याचे प्रात्यक्षिक दिले. चौकडीच्या रिबिनीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून काढलेले होते. तीन दिव्यांनी ते एकाच पडद्यावर एकमेकांवर टाकले आणि रिबीन रंगीत दिसली. गंमत अशी की त्या काळच्या काचपट्टीला लाल प्रकाश कळतच नव्हता. रिबिनीच्या लाल रंगातून परावर्तित होणारे अतिनील किरण लाल गाळणीतून निसटले आणि त्यांनी लाल रंगाचे काम केले, हे कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी शंभर वर्षांनी उलगडून दाखवले. प्रयोग योगायोगाने यशस्वी झाला होता, सिद्धांत मात्र खरा होता.

१९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने या तीन आकड्यांना प्रमाण रूप दिले. त्यासाठीची मोजमापे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले डेव्हिड राइट आणि टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले जॉन गिल्ड यांची. राइट यांनी दहा माणसे तपासली होती, गिल्ड यांनी सात. आज मोबाइलपासून सिनेमागृहापर्यंत प्रत्येक पडद्याचा रंग ज्या ‘प्रमाण निरीक्षका’च्या हिशेबाने मोजला जातो, तो या सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी आहे.

रंगीत डिजिटल चित्र काढता येईल असे यंत्र घडवायचा मान झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या रिचर्ड शूप यांना जातो. १९७३च्या एप्रिलमध्ये त्यांच्या सुपरपेंट यंत्रातून पहिले चित्र निघाले. त्यात शूप स्वतःच हातात एक पाटी धरून आहेत आणि यंत्र चालते, पण जेमतेम, अशा अर्थाचा मजकूर त्या पाटीवर आहे. ६४० गुणिले ४८० बिंदू आणि बिंदूला आठ बिट, म्हणजे तीन लाख बाइटांहून जास्त स्मृती फक्त एका चित्रासाठी. तेव्हाच्या भावात ही उधळपट्टीच होती. आठ बिटांत रंग बसतात २५६. शूप यांनी त्यावर तोड काढली ती रंगांच्या तक्त्याची. बिंदूजवळ रंग साठवायचा नाही, रंगाचा क्रमांक साठवायचा, आणि त्या क्रमांकाचा खरा रंग कोणता ते शेजारच्या तक्त्यात लिहायचे. तक्त्यातल्या प्रत्येक खणात १ कोटी ६७ लाख रंगांपैकी कोणताही बसवता येई. एका वेळी पडद्यावर मात्र २५६च.

झेरॉक्सला हे खेळणे वाटले. कचेरीतले कागद काळे-पांढरे, मग रंगीत पडदा कशाला? सुपरपेंटवर रात्रंदिवस चित्रे काढणारे अॅल्वी रे स्मिथ यांना १९७५च्या सुरुवातीला निरोप मिळाला. ते डेव्हिड डिफ्रान्सेस्को यांच्यासोबत न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोचले. तिथले संस्थाचालक अलेक्झांडर शूर यांचे स्वप्न अॅनिमेशनपटांचे होते आणि पैसा सोडायला त्यांची तयारी होती. इव्हान्स अँड सदरलँड कंपनीचा फ्रेम बफर, म्हणजे एक चित्र धरून ठेवणारी स्मृतिपेटी, तेव्हा ८०,००० डॉलरच्या घरात जाई. शूर यांनी एक घेतला, आणि नंतर आणखी पाच. त्यामुळे स्मिथ यांना जगात तेव्हा कुणाकडे नव्हती ती चैन करता आली. तीन पेट्या एकत्र जोडून एक लालला, एक हिरव्याला, एक निळ्याला दिली. तीन आठे चोवीस. दर रंगाच्या २५६ पायऱ्या, मिळून १,६७,७७,२१६ रंग, आणि तेही सगळे एकाच वेळी. आजही ‘ट्रू कलर’ म्हणून जाहिरातीत छापतात तो आकडा इथला आहे.

एवढी चैन बाकीच्यांना परवडणारी नव्हती. त्यांच्याकडे एकच पेटी होती, म्हणून प्रश्न उलटा झाला: चोवीस बिटांचे चित्र आठ बिटांत कसे कोंबायचे? एमआयटीत पदवीचा विद्यार्थी असलेल्या पॉल हेकबर्ट यांनी काढलेला तोडगा १९८२ साली सिग्राफ परिषदेत प्रसिद्ध झाला. त्याआधीचा उपाय म्हणजे चित्रात सर्वांत जास्त वेळा येणारे २५६ रंग ठेवायचे आणि बाकीचे टाकायचे. त्यात तोटा असा की हिरव्यागार बागेतल्या एकुलत्या लाल फुलाला मतेच पडत नाहीत आणि ते तपकिरी होऊन बसते. हेकबर्ट यांनी रंगांना एका ठोकळ्यात मांडले: लांबी लालची, रुंदी हिरव्याची, उंची निळ्याची. चित्रातले सगळे बिंदू ठोकळ्यात आपापल्या जागी ठेवले. मग ठोकळा जिकडून सर्वांत लांब, तिकडून तो अशा जागी कापला की दोन्हीकडे सारखेच बिंदू येतील. जे तुकडे झाले त्यांनाही तीच कात्री. असे करत २५६ तुकडे झाले की प्रत्येकाचा सरासरी रंग तक्त्यात लिहायचा. गर्दीच्या भागात बारीक तुकडे पडतात, ओसाड भागात मोठे. त्याच्या जोडीला १९७०च्या दशकातच रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची युक्ती आली होती. एका बिंदूला रंग देताना जी चूक झाली, ती उजवीकडच्या आणि खालच्या शेजाऱ्यांत वाटून टाकायची. दूर उभ्या डोळ्याला सरासरी बरोबर मिळते, पायरीची रेघ मात्र दिसत नाही.

घरोघरी पोचलेल्या संगणकांची कहाणी याहून कंजूष आहे. १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या सीजीए कार्डावर १६ किलोबाइट स्मृती होती. ३२० गुणिले २०० बिंदूंच्या चित्रात बिंदूला दोनच बिट येत, म्हणजे एका वेळी चार रंग. कार्डाच्या एकंदर सोळा रंगांच्या यादीतला सहा क्रमांकाचा रंग हिशेबाने मळकट गडद पिवळा निघायला हवा होता. तो बघवत नव्हता, म्हणून आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये खास त्या एका क्रमांकासाठी हिरवा कमी करणारी जोडणी घातली गेली आणि पिवळ्याचा तपकिरी झाला. यंत्राच्या नेमस्त गणितात डोळ्यासाठी केलेला हा एक अपवाद. १९८७मध्ये व्हीजीएने २,६२,१४४ रंगांतून २५६ निवडायची मुभा दिली आणि त्याच जूनमध्ये कॉम्प्युसर्व्हने जीआयएफ हा प्रकार आणला. तोही २५६ रंगांचा. मोबाइलवर आज फिरणाऱ्या जीआयएफमध्ये आकाश चट्ट्यापट्ट्यांचे दिसते ते त्या वर्षीच्या मर्यादेमुळे.

मॅकिन्टॉशची सुरुवात तर १९८४ला एका बिटाने झाली होती. १९८७ साली मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट करणाऱ्या थॉमस नोल यांना आपल्या संशोधनातले राखाडी छटांचे फोटो मॅक प्लसवर बघायचे होते आणि पडद्याला काळा आणि पांढरा एवढेच ठाऊक होते. ठिपक्यांच्या दाटीविरळीतून राखाडी भासवणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि त्याचे नाव ‘डिस्प्ले’ ठेवले. त्यांचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या धंद्यात होता. त्याने त्यात आणखी गोष्टी मागितल्या. १९९० साली तोच प्रोग्रॅम फोटोशॉप म्हणून बाजारात आला.

या सगळ्यात एका रंगाला आठ बिट पुरतात, हे कुणी ठरवले? खरे तर हिशेब मांडला तर ते पुरायला नकोत. सर्वांत उजळ आणि सर्वांत काळसर भागात शंभरास एक एवढे प्रमाण धरू. उजेडाच्या प्रमाणात सरळ आकडे दिले, तर शंभराव्या पायरीवरून एकशे एकाव्यावर जाताना एक टक्का वाढ होते, डोळ्याच्या मर्यादेइतकी. विसाव्यावरून एकविसाव्यावर जाताना मात्र ती पाच टक्के होते आणि अंधारात पट्टे दिसतात. दोनशेच्या वर पायरी अर्ध्या टक्क्याची, म्हणजे तिथले आकडे वाया. हे टाळायला काळसर टोक शंभरावर आणि उजळ टोक दहा हजारावर न्यावे लागते; त्याला चौदा बिट लागतात. तेच आकडे सरळ न देता प्रत्येक पायरी एक टक्क्याची ठेवली, तर साधारण ४६० पायऱ्यांत, म्हणजे नऊ बिटांत, शंभरपट अंतर कापले जाते.

टीव्हीच्या जुन्या काचेच्या नळीने ही सोय आपोआप करून ठेवली होती. त्या नळीतल्या इलेक्ट्रॉन बंदुकीला व्होल्टेज दुप्पट दिले तर उजेड दुप्पट होत नाही. तो साडेपाचपटीच्या आसपास वाढतो. हा बंदुकीचा भौतिक स्वभाव, त्यात डोळ्याचा काही संबंध नाही. पण त्याचा आलेख डोळ्याच्या आलेखाच्या जवळजवळ बरोबर उलटा निघाला. त्यामुळे व्होल्टेजच्या समान पायऱ्या डोळ्यालाही जवळपास समान वाटल्या. काळसर भागात बारीक, उजळ भागात जाड. व्हिडिओचे अभ्यासक चार्ल्स पॉइंटन यांनी या योगायोगाकडे वारंवार लक्ष वेधले आहे. घरातल्या साध्या उजेडात, तेव्हाच्या मंद पडद्यावर, त्याच्या जोरावर आठ बिट निभावून गेले. १९९६मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे मानक सुचवले तेव्हा नळीचा हाच वक्र त्यात उतरला. नळ्या भंगारात गेल्या, तरी सपाट पडदे अजून त्यांची नक्कल करतात.

डोळ्याच्या आवडीनिवडी ओळखून बिट वाचवण्याचे हे एकच उदाहरण नव्हे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६च्या पेटंटात कॅमेऱ्याच्या चकतीवर लाल किंवा निळ्याच्या दुप्पट हिरव्या गाळण्या मांडल्या, कारण बारकावे डोळा मुख्यतः हिरव्या भागातून टिपतो. सोळा बिटांच्या पडद्यांवर लालला पाच, निळ्याला पाच आणि उरलेला जादा बिट हिरव्याला मिळाला. आरसीएचे अल्डा बेडफर्ड यांनी रंगीत टेलिव्हिजनच्या वेळीच दाखवून दिले होते की बारीक तपशिलात डोळ्याला उजेड लागतो, रंग नाही. १९९२च्या जेपीईजीत हे तत्त्व सर्रास वापरले जाते: उजेडाचा आकडा प्रत्येक बिंदूला, रंगाचे आकडे अनेकदा चार बिंदूंना मिळून एकदाच. लग्नाचे शेकडो फोटो फोनमध्ये मावतात, त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे.

डोळ्याला विचारात न घेता केलेली काटकसर मात्र अंगाशी आली. १९९०च्या दशकात वेबसाइट बनवणाऱ्यांना सांगितले जाई की २१६ ‘सुरक्षित’ रंगच वापरा. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा सारख्या पायऱ्या घेतल्या की सहाचा घन २१६; बाकीचे चाळीस विंडोज आणि मॅकला राखीव. यादी सोयीची होती, पण तिच्यात डोळ्याचा विचार नव्हता. अंगकांतीच्या छटा तिच्यात जवळपास नव्हत्याच, भडक हिरव्या-गुलाबीची मात्र चंगळ होती. २०००मध्ये वेबमंकीच्या डेव्हिड लेन आणि हॅडली स्टर्न यांनी निरनिराळ्या संगणकांवर यादी तपासली, तेव्हा खरोखर सगळीकडे सारखे दिसणारे रंग निघाले अवघे बावीस.

पुढे सपाट एलसीडी पडदे आले आणि जाहिरातीतला आकडा बारकाईने वाचणाऱ्यांना खटकू लागला. काही पडद्यांवर १ कोटी ६७ लाखांऐवजी १ कोटी ६२ लाख रंग लिहिलेले असत. स्वस्त पडद्यात दर रंगाला सहाच बिट होते, चौसष्ट पायऱ्या. मधली छटा हवी असेल तर बिंदू दोन शेजारच्या पायऱ्यांमध्ये इतक्या वेगाने लुकलुकतो की डोळा त्यांची सरासरी घेतो. चौसष्ट पायऱ्यांच्या त्रेसष्ट फटी, प्रत्येकीत तीन जादा छटा; एकूण २५३. त्याचा घन १,६१,९४,२७७. लॅपटॉपवर ‘लाखो रंग’ असा दावा करून सहा बिटांचा पडदा दिला, या तक्रारीवरून २००७ साली अमेरिकेत अॅपलविरुद्ध दावाही दाखल झाला होता.

दरम्यान रंगशास्त्रज्ञ वेगळेच मोजत होते. डीन जड आणि ग्युंटर विशेत्स्की यांच्या १९७५च्या आवृत्तीतल्या अंदाजानुसार माणूस एक कोटीच्या आसपास रंग वेगळे ओळखू शकतो. मायकेल पॉइंटर आणि जेफ्री अॅट्रिज यांनी १९९८मध्ये हा आकडा २३ लाखांच्या आसपास आणला. मग एवढे कमी रंग कळणाऱ्या डोळ्याला १ कोटी ६७ लाखांच्या पडद्यावर पट्टे का दिसावेत? कारण पडद्याच्या ठोकळ्यात रंग सारख्या अंतरावर मांडलेले आहेत आणि डोळ्याच्या ठोकळ्यात नाहीत. भडक हिरव्या कोपऱ्यात हजारो रंग असे आहेत की कुणालाच वेगळे वाटत नाहीत, तर काळसर राखाडीच्या वाटेवर एकूण २५६ पायऱ्या, त्यातल्या अंधाराकडच्या जेमतेम वीस-पंचवीस.

२८ एप्रिल २०१९ रोजी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रात्रीच्या लढाईचा भाग प्रसारित झाला आणि ही वीस-पंचवीस पायऱ्यांची गोष्ट जगभरच्या दिवाणखान्यांत पोचली. छायाचित्रणकार फॅबियन वॅग्नर यांनी मुद्दाम अंधारात चित्रित केलेली दृश्ये घरच्या टीव्हीवर धुरकट चौकोन आणि काळे पट्टे होऊन आली. इंटरनेटवरून पाठवताना केलेल्या दाबणीने आधीच थोड्या असलेल्या पायऱ्या आणखी कमी केल्या होत्या, आणि दिवे लावून बसलेल्या प्रेक्षकांना उरल्यासुरल्या धड दिसल्याच नाहीत.

खरे तर तोवर नवा तोडगा कागदावर आलेला होता. फिलिप्समध्ये काम केलेले डच शास्त्रज्ञ पीटर बार्टेन यांनी कोणत्या उजेडात डोळ्याला किती लहान फरक कळतो, याचे सूत्र बांधले होते. डॉक्टरांना एक्स-रे दाखवणाऱ्या पडद्यांच्या मानकाने ते सर्वांत आधी उचलले. त्यात अतिमंद ते अतिप्रखर उजेडाच्या पट्ट्यात जेमतेम जाणवणाऱ्या १,०२३ पायऱ्या मोजल्या आहेत. धूसर सावलीत गाठ दडलेली असू शकते, तिथे पायरी चुकून चालत नाही. डॉल्बीतल्या स्कॉट मिलर आणि सहकाऱ्यांनी बार्टेन यांच्याच सूत्रावरून नवा वक्र आखला आणि २०१४मध्ये तो एसटी २०८४ या नावाने मानक झाला. जुन्या टीव्हीचे चित्र १०० निट (पडद्याचा उजेड मोजायचे एकक) उजेडाच्या हिशेबाने तयार होत असे. हा वक्र १०,००० निटांपर्यंत जातो. बारा बिटांच्या त्याच्या ४,०९६ पायऱ्यांतली कोणतीही डोळ्याच्या मर्यादेला ओलांडू नये, अशी ती रचना आहे. बाजारात रुळला तो मात्र दहा बिटांचा एचडीआर-१०, आणि तो दाखवणाऱ्या कित्येक टीव्हींच्या पडद्यात आठच बिट असतात; उरलेले दोन लुकलुकण्यातून भासवले जातात.

बिट वाढले म्हणून खरखरीची गरज संपली नाही. २०१८ साली आलेल्या एव्ही-१ या व्हिडिओ मानकात तिच्यासाठी स्वतंत्र सोय आहे. सिनेमाच्या फिल्मवरचे बारीक कण दाबून पाठवायला फार जड जातात आणि ते पुसून टाकले तर मोकळ्या भिंती-आकाशात पट्टे उघडे पडतात. म्हणून पाठवणारा हे कण काढून घेतो, त्यांचा पोत सांगणारे थोडे आकडे सोबत जोडतो, आणि बघणाऱ्याचा टीव्ही किंवा फोन त्या आकड्यांवरून नवे कण तयार करून चित्रावर पसरतो. रॉबर्ट्स खरखर पाठवण्याआधी मिसळत आणि पोचल्यावर वजा करत. इथे क्रम उलटा झाला आहे. नेटफ्लिक्सने २०२५मध्ये ही सोय आपल्या प्रसारणात मोठ्या प्रमाणावर सुरू केली.